आधी काटा, मग पेटी

प्रश्न : स. न. वि. वि. वय ४१. माझ्याकडे ३५० सीसीची, एक सिलिंडरची बाईक आहे. आजवर एका मुक्कामापेक्षा लांब कधी गेलेलो नाही. आता नऊ दिवसांचा, साधारण अडीच हजार किलोमीटरचा दौरा ठरवलाय. रस्ते बहुतेक डांबरी, मधले दोन-तीन दिवस कच्चे. मुक्काम लॉजवर, तंबू वगैरे नाही. पहिले पाच दिवस एकटा, नंतरचे चार दिवस बायको मागे असेल. सामानाचं काय करावं ते कळत नाही. एक मित्र म्हणतो, 'ॲल्युमिनियमच्या पेट्या घे, जन्माची सोय होईल.' दुसरा म्हणतो, 'कापडी बॅगा घे, पेट्या म्हणजे नुसती शोबाजी.' दुकानात गेलो तर लिटरचे आकडे ऐकून डोकं फिरलं. नक्की काय घेऊ आणि किती लिटरचं? ता. क. : पाठीवरची एक जुनी सॅक घरात पडून आहे. तिच्यातच भागलं तर?

उत्तर :

तुमच्या दोन्ही मित्रांनी एक गोष्ट विचारलेली दिसत नाही आणि तुम्हीही पत्रात ती लिहिलेली नाही. सामान आहे किती? लिटरमध्ये नको, किलोमध्ये सांगा. बॅगा लिटरवर विकल्या जातात, गाडी मात्र किलो वाहते. ४० लिटरच्या बॅगेत स्वेटर कोंबले तर ५ किलो भरतील. हत्यारं, चार्जर आणि पाण्याच्या बाटल्या भरल्या तर २० किलो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तेव्हा पेट्या की पिशव्या हा वाद तूर्त मित्रांवर सोडा आणि गाडीचं मॅन्युअल शोधून काढा.

त्यात दोन आकडे सापडतील. एक, गाडीचं स्वतःचं वजन. ते टाकी भरून दिलंय की कोरडं दिलंय तेवढं बघा. कोरडं असेल तर पेट्रोलचं वजन वेगळं मिळवायचं, लिटरला साधारण पाऊण किलो. दुसरा आकडा माणसं-सामानासकट गाडीनं पेलायच्या कमाल वजनाचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की तुमचं खरं बजेट मिळतं. उदाहरणासाठी धरू की कमाल वजन ३६० किलो आहे आणि टाकी भरलेली गाडी १९० किलोची. उरले १७०. तुम्ही ८० किलोचे. हेल्मेट, जॅकेट, बूट, हातमोजे आणि पॅडवाली पँट मिळून ८ किलो सहज होतात, हे कुणी धरतच नाही. बायको ६० किलो, तिचं हेल्मेट-जॅकेट ६. बेरीज १५४. शिल्लक राहिले १६ किलो.

१६ किलो. दोघांचं, चार दिवसांचं, बॅगांच्या स्वतःच्या वजनासकट. घरचे आकडे घालून हे गणित पुन्हा करा. काही किलो इकडचे तिकडे होतील, पण चित्र फार बदलणार नाही.

आता पहिल्या मित्राच्या पेट्या काट्यावर ठेवू. ॲल्युमिनियमची एक रिकामी पेटी ४ ते ६ किलोची असते. ती अडकवायला दोन्ही बाजूंना लोखंडी फ्रेम लागते, तिचे आणखी ४-५ किलो. म्हणजे जोडी बसवून तयार झाली की १२ ते १७ किलो गेले, आत एक बनियनही न टाकता. डबलसीट दिवसांसाठी वाद इथेच मिटला. प्लॅस्टिकच्या पेट्या थोड्या हलक्या असतात, पण फ्रेम त्यांनाही लागतेच.

पेट्यांना नावं ठेवायची नाहीत मला. माझ्याकडे होत्या, तीन वर्षं वापरल्या. किल्ली फिरवली की सामान बंद. पावसात आत थेंब नाही. रस्त्याकडेला काढून ठेवली की तीच खुर्ची, तेच टेबल. एल्स्पेथ बिअर्ड ही ब्रिटिश मुलगी १९८२ ते १९८४ या काळात एकटी बीएमडब्ल्यू आर ६०/६ वर जगभर फिरली. सिडनीत तिनं ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या पेट्या स्वतःच्या हातानं बनवून गाडीला लावल्या. तिचं पटतं, कारण दोन वर्षं गाडी हेच तिचं घर होतं आणि घराला कुलूप लागतं. तुम्ही रोज संध्याकाळी लॉजच्या खोलीत जाणार आहात. तिथे कुलूप दाराला आहे.

मी पेट्या काढल्या त्याचं कारण मात्र वजन नव्हतं. पावसानंतरचा कच्चा उतार, वेग माणसाच्या चालीइतका. पुढचं चाक किंचित घसरलं आणि सवयीनं मी डावा पाय टेकवला. पाय चिखलात रुतला तो तिथेच राहिला, गाडी पुढे सरकली आणि मागून पेटीची कड येऊन पिंढरीवर बसली. पाय पुढून जमिनीत आणि मागून धातूत अडकलेला, वर सव्वादोनशे किलो. बूट उंच होता म्हणून हाड वाचलं. पिंढरी पंधरा दिवस काळीनिळी होती. कापडी बॅग असती तर ती दबली असती आणि पाय निसटला असता. तुमच्या दौऱ्यात कच्चे दिवस आहेत, आणि कच्च्यावर पाय टेकवायची खोड नव्या माणसाला असतेच. गाडी आडवी झाली की ॲल्युमिनियमची पेटी चेपते ते वेगळंच. एकदा चेपली की झाकण नीट बसत नाही आणि पाणी आत येतं.

तेव्हा तुमच्यासाठी कापडी बॅगा. शोबाजीचं म्हणाल तर चिखलानं माखलेली कापडी बॅगसुद्धा लोक मिरवतात, तो निकष राहू द्या.

पण कापडी म्हणून हाताला येईल ती उचलू नका. सीटवरून दोन्ही बाजूंना खोगिरासारख्या टाकायच्या सॅडलबॅगा तुम्हाला हव्यात. दुकानात डेनिअरचा आकडा सांगतील. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. १००० डेनिअर याचा अर्थ नऊ किलोमीटर धागा एक किलो भरतो, इतका तो जाड. मोठा आकडा चांगलाच, पण मी आधी बॅग उलटी करून पट्टे कुठे शिवलेत ते बघतो. पट्टा एका सरळ टाक्यात शिवला असेल तर बॅग परत ठेवतो. चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण हवी, आणि आतल्या बाजूला कापडाचा दुसरा थर. फाटते ती नेहमी तिथे. कापड कुठलंही असलं तरी मधोमध फाटलेली बॅग मी अजून बघितलेली नाही.

दुसरी गोष्ट सायलेन्सर. माझी पहिली कापडी बॅग जळतेय हे मला वासावरून कळलं. आधी वाटलं, कुठेतरी शेतात प्लॅस्टिक जाळतायत. दोन किलोमीटरनंतरही वास सोबतच होता तेव्हा थांबलो. बॅगेच्या तळाला तळहाताएवढं भोक आणि त्यातून एक मोजा सायलेन्सरवर चिकटून काळा झालेला. घरी बसवून बघितली होती तेव्हा बॅग सायलेन्सरपासून चार बोटं वर होती, पण रिकामी. भरल्यावर तिचं पोट सुटलं, दिवसभराच्या हादऱ्यांनी पट्टा ओघळला आणि ती चार बोटं संपली. नायलॉन २२० ते २६० अंशांच्या आसपास वितळतं. तापलेल्या सायलेन्सरला टेकून राहिलं तर त्याला वेळ लागत नाही. म्हणून बॅगा भरून बसवा, मग अंतर मोजा. सायलेन्सर वर उचललेला असेल तर उष्णता अडवणारी पत्र्याची ढाल लावल्याशिवाय निघू नका. त्या बाजूची बॅग जरा लहान घेतलेलीही चालते.

चाकाचंही असंच. सायलेन्सर आणि बॅग दोन्ही गाडीच्या वरच्या अंगाला टांगलेली असतात, म्हणून त्यांच्यातलं अंतर खड्ड्यात फारसं बदलत नाही. चाक मात्र खड्ड्यात वर येतं. बॅग आतल्या बाजूला झोके घेत असेल तर टायर तिला चाटून जातो, नाहीतर सैल पट्टा आत ओढतो. यासाठी बॅगेच्या आतल्या बाजूला टेकू लागतो. पातळ नळीचा साधा टेकू दीड-दोन किलोत होतो, पेट्यांच्या फ्रेमसारखा अवजड नसतो. बॅगांची जोडी अडीच किलोची धरली तर १६ पैकी साडेचार गेले. साडेअकरा हातात.

आता वजन कुठे ठेवायचं. खरेदीपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि यावर दुकानात कुणी बोलत नाही.

भरलेली बादली अंगाला लावून दहा पावलं चाला. मग तीच बादली हात लांब करून धरा आणि चालता चालता वळून बघा. बादली तीच, पण ती आता तुम्हाला फिरवते. गाडीचंही तसंच होतं. वजन जितकं खाली, जितकं मध्यावर, जितकं तुमच्या जवळ, तितकी गाडी सरळ वागते. मागच्या कॅरिअरवर, टेललाइटच्याही मागे डोंगर रचला की तरफ तयार होते. हिशेब करून बघा : दोन चाकांच्या आसांमधलं अंतर १४० सेंटिमीटर आणि मागच्या आसाच्या ४० सेंटिमीटर मागे १० किलोची बॅग. मागच्या चाकावर १० नाही, जवळजवळ १३ किलो वाढतात, कारण पुढच्या चाकावरचे जवळजवळ ३ किलो उचलले जातात. ३ किलो म्हणजे किरकोळ वाटतील. पण ते कमी झालेत त्या चाकावरून, ज्यानं तुम्ही वळता आणि ज्याच्यावर ब्रेकचा मुख्य भार असतो. त्यात मागे बायको आणि समोर चढ असला की हँडल हलकं लागायला लागतं. वेग वाढला की मागचा भाग डुलायला लागतो. असं डोलणं कधी सुरू झालं तर ब्रेक करकचून दाबू नका, हँडल आवळून धरू नका. ॲक्सिलरेटरची मूठ हळूहळू सोडा, वेग उतरला की गाडी आपोआप शांत होते. मग थांबून सामान पुन्हा लावा.

याच कारणानं कॅरिअरवर बसणारा उंच टॉप बॉक्स मी तुम्हाला सांगणार नाही. शहरात हेल्मेट ठेवायला ती डिकी झकास. लांबच्या दौऱ्यात ती गाडीच्या सगळ्यात वाईट जागी बसते आणि रिकामी जागा दिसली की माणूस तिथे जड सामान टाकतोच. लावायचीच असेल तर एवढं बघा : मॅन्युअलमध्ये कॅरिअरची मर्यादा दिलेली असते, रॅकवर दुसरा आकडा कोरलेला असतो, पेटीच्या आत स्टिकरवर तिसरा. यातला सगळ्यात लहान आकडा तुमचा. पेटीवर वेगमर्यादाही छापलेली असते, ती बहुतेकांनी वाचलेली नसते.

मग कुठे काय? हत्यारं, पंक्चरचं सामान, जादा ट्यूब, चार्जर अशी जड मंडळी सॅडलबॅगांच्या तळाशी, पुढच्या आणि आतल्या कोपऱ्यात. त्यावर कपडे. डावी-उजवी बॅग काट्यावर टांगून किलोभरापेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. सामान अडकवून तोलायचा छोटा काटा मिळतो, तो या सगळ्या खरेदीत सर्वांत आधी घ्या. मागच्या कॅरिअरवर फक्त हलकं आणि फुगीर सामान, म्हणजे जॅकेटचं अस्तर, टॉवेल, रात्रीचे कपडे. रेनकोट मात्र आत कुठेच नाही. तो सगळ्यांच्या वर, एका हातानं निघेल असा. पाऊस आल्यावर भर रस्त्यात बॅग उघडून रेनकोट शोधणारा माणूस रेनकोट सापडेपर्यंत कपड्यांसकट भिजलेला असतो.

कागदपत्रं, पैसे, औषधं आणि फोन अंगावर किंवा टँक बॅगेत, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर बसणाऱ्या बॅगेत. टँक बॅग लहानच घ्या, ८ लिटरची. वजन दोन चाकांच्या मधोमध राहतं आणि चहाला थांबलात की उचलून सोबत नेता येते. चुंबकवाली घ्यायच्या आधी घरातल्या फ्रिजवरचं एखादं चुंबक टाकीला लावून बघा. टाकी पत्र्याची असेल तर ठीक. हल्ली कितीतरी गाड्यांच्या टाकीवर प्लॅस्टिकचं आवरण असतं, तिथे चुंबक काय करणार? मग पट्ट्यावाली किंवा टाकीच्या झाकणाभोवतीच्या कड्याला अडकणारी बघायची. बॅग बसवली की हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. बॅगेला लागून हॉर्न वाजतोय का, क्लचची तार दबतेय का, ते तेव्हाच कळतं. भर वाहतुकीत यू टर्न घेताना कळून उपयोग नाही. बॅग ठेवण्याआधी टाकी पुसा, नाहीतर अडकलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर चुंबकवाली नकोच.

बांधण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. लवचीक बंजी दोऱ्या, ज्यांच्या टोकाला लोखंडी आकडे असतात, त्या मी सामानासाठी वापरत नाही. बंजी ताणली जाते, हा तिचा गुण समजतात. तोच तिचा दोष. खड्ड्यात सामान उसळलं की ती त्याला उसळू देते. सामान सरकतं, आकडा सुटतो आणि ताणलेली दोरी मिळेल तिथे जाते. चाकात किंवा चेनमध्ये गेली तर मागचं चाक अडकतं. बांधताना सुटली तर थेट डोळ्याकडे येते. माझ्या भुवईवर एक बारीकशी रेघ आहे ती या शहाणपणाची फी. त्याऐवजी दाबायच्या बक्कलचे चपटे, न ताणले जाणारे पट्टे घ्या. ते गाडीच्या फ्रेमला किंवा कॅरिअरच्या नळीला बांधा. इंडिकेटरच्या दांडीला किंवा नंबरप्लेटच्या पट्टीला नाही. पट्टा ओढण्याआधी त्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात तो भुणभुणत नाही. उरलेली टोकं गुंडाळून खोचा. आणि निघाल्यावर वीस-तीस किलोमीटरला एकदा थांबून सगळं पुन्हा ओढून घ्या. सामान बसतं, पट्टे ढिले पडतात. पहिल्या दिवशी हे होतंच.

पावसासाठी बॅगेसोबत मिळणाऱ्या रेनकव्हरवर विसंबू नका. वरून येणारं पाणी ते अडवतं, पण मागचं चाक खालून जो फवारा मारतं त्याचं काय? तो कव्हरच्या आत शिरतो आणि तिथेच साचतो. एकदा मी कव्हर काढलं तर तळाला दोन तांबे पाणी होतं आणि बॅग त्यात बसलेली. त्याशिवाय वाऱ्यानं कव्हर शिडासारखं फुगतं आणि एखाद्या वळणावर निरोप घेतं. खरा उपाय म्हणजे तोंड गुंडाळून बंद होणारी, शिवणीऐवजी वेल्ड केलेल्या जोडांची बॅग. तोंड किमान तीन वेळा गुंडाळायचं. नाहीतर साधी सॅडलबॅग आणि आत अशीच एक जलरोधक पिशवी. तुम्हाला मी दुसरा मार्ग सुचवेन. संध्याकाळी बाहेरची चिखलानं माखलेली बॅग गाडीवरच राहते आणि आतली कोरडी पिशवी उचलून तुम्ही खोलीत जाता. पिशवी फिकट रंगाची घ्या. काळ्या पिशवीत काळा चार्जर शोधणं हा छळ आहे. दुकानदार काहीही म्हणाला तरी घरी परीक्षा घ्या : पिशवीत जुनी वर्तमानपत्रं भरा, तोंड बंद करा, दहा मिनिटं शॉवरखाली ठेवा. एक थेंब गेला तरी कागद चुगली करतो.

आता तुम्ही विचारलेले लिटर. सॅडलबॅगा प्रत्येकी १८ ते २०, म्हणजे जोडी साधारण ४० लिटरची. टँक बॅग ८ लिटर. मागच्या कॅरिअरसाठी गुंडाळून बंद होणारी एक पिशवी २० लिटरची. बस. दुकानदार मोठं काहीतरी दाखवेल, 'असू दे, लागेल कधी' म्हणेल. रिकामी बॅग रिकामी राहत नाही हे मी स्वतःवरून सांगतो. पहिल्या दौऱ्याला मी ५० लिटरच्या पेट्या आणि वर एक भलीमोठी डफल घेऊन निघालो होतो. त्यात इस्त्री केलेले दोन शर्ट होते. कुणासाठी, देव जाणे.

पहिले पाच दिवस तुम्ही एकटे आहात तेव्हा सॅडलबॅगा आणि टँक बॅग पुरे. २० लिटरची पिशवी रिकामी, गुंडाळून तळाशी टाका; तिचं वजन नगण्य असतं. बायको आली की ही पिशवी उघडा. आणि हे तिच्याशी निघायच्या आधी बोला, निघायच्या दिवशी नाही. साडेअकरा किलोतून टँक बॅगेचा एक किलो, हत्यारांचे दोन, रेनकोटांचे दोन काढले तर दोघांच्या कपड्यांना आणि बाकी सगळ्याला साडेसहा उरतात. एक सॅडलबॅग पूर्ण तिची, एक तुमची, आणि मागच्या पिशवीत दोघांचं हलकं सामान, असं वाटप आमच्याकडे भांडणाविना चालतं. तुमच्या बॅगेतले पाच दिवसांचे मळके कपडे तोवर धुऊन झालेले हवेत. नऊ दिवसांसाठी नऊ जोड नेऊ नका, तीन न्या आणि रोज रात्री एक धुवा. लवकर सुकणारे कपडे असले तर सकाळी अंगात घालता येतात. जीन्स एकही नको. ओली जीन्स दोन दिवस सुकत नाही, आणि तोवर तिचं वजन तुमच्या बजेटमधून जातं.

तिच्या पायांचंही बघा. मागच्या फुटरेस्टवर पाय ठेवले की टाच सॅडलबॅगेला लागते का? लागत असेल तर बॅगा मागे सरकवायचा मोह होतो, आणि त्या मागे गेल्या की वजन पुन्हा आसामागे. बसवायची जागा ठरवताना तिला प्रत्यक्ष गाडीवर बसवा. मागच्या पिशवीला टेकून बसता येईल असं वाटतं, पण तसं करू देऊ नका. तो टेकू नसतो, पट्ट्यांवर येणारा ताण असतो.

सामान चढलं की गाडीची जुळणीही बदलते. टायरच्या हवेचे दोन आकडे असतात, एकट्यासाठीचा आणि डबलसीटचा; चेनगार्डजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये बघा आणि टायर थंड असताना हवा भरा. मागचे शॉकअप हत्यारांच्या पाऊचमधल्या पान्यानं एक-दोन खाचा कडक करा. हेडलाइटचा झोत वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून, दोघं बसून, तो खाली आणा. साइड स्टँडखाली टाकायला एक चपटी फळी ठेवा. मऊ जमिनीत भरलेली गाडी स्टँड रुतून आडवी होते, आणि ते बहुधा आपण पाठ फिरवल्यावरच होतं.

निघायच्या दोन आठवडे आधी खरं सामान भरून, खरे कपडे घालून शंभर किलोमीटर जा. थोडा कच्चा रस्ता त्यात असू द्या. एक मुक्काम करा. परत आल्यावर जमिनीवर दोन ढीग करा, वापरलेलं आणि न वापरलेलं. दुसऱ्या ढिगातून प्रथमोपचार, पंक्चरचं सामान आणि रेनकोट तेवढे उचला. बाकी कपाटात.

ता. क. : सॅक नको. एखादा तास ठीक, पण दिवसभर ८ किलो पाठीवर घेतले की वजन खांद्यांतून कमरेत उतरतं, दुपारी मान आखडते आणि संध्याकाळी ब्रेकला हात उशिरा जातो. पडलात तर पाठीखाली हत्यारं किंवा चार्जर येतो. शिवाय बायको मागे बसल्यावर ती सॅक कुणाच्या तोंडाशी येणार हेही बघा. पण घरात पडूनच असेल तर रिकामी घडी घालून न्यायला हरकत नाही. मुक्कामाच्या गावात पायी फिरताना उपयोगी पडेल. न्याल तर काट्यावर टाका आणि साडेसहा किलोतून वजा करा.